लालासाहेबांची पांढरी काडी

मित्रांनो, माझा आवाज तुम्ही कधी ऐकलेला नाही आणि पुढेही ऐकणार नाही, कारण मला आवाजच नाही. मी एक जुनी काडी आहे. पुष्कळ वादक एकत्र वाजवायला बसतात, तेव्हा त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात एक बारीक पांढरी काडी असते ना, तीच मी. माझ्यामुळे ढोल वाजतो, व्हायोलिन वाजतं, बासरी वाजते. मी मात्र गप्प असते. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट, जितकं संगीत मी इतक्या जवळून ऐकलं, तितकं फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल.

माझा जन्म मिरजेचा. तिथे सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांची एक गल्ली आहे. त्या गल्लीतल्या दस्तगीरभाईंकडे एक दिवस कडेगावचे लालासाहेब काडी करून घ्यायला आले. लालासाहेब लष्कराच्या बँडमध्ये होते. आधी क्लॅरिनेट वाजवायचे, पुढे शिकून बँडमास्तर झाले आणि सुट्टीवर गावी आले होते. दस्तगीरभाईंनी तंबोऱ्याच्या दांडीतून उरलेला लाकडाचा एक तुकडा घेतला, तो तासून तासून बारीक केला आणि लांबून दिसावा म्हणून पांढरा रंगवला. हातात धरायला शिसवीची एक छोटी मूठ बसवली. मग त्यांनी मला बोटावर आडवं ठेवून पाहिलं. मी कुठेच कलले नाही. "घ्या," ते म्हणाले, "हिला तार लावायची गरज नाही आणि सुरात लावायचीही नाही. एवढं सोपं वाद्य मी आजवर केलं नव्हतं."

लालासाहेबांबरोबर मी बऱ्याच छावण्या पाहिल्या. काडी वर गेली की वादकांनी श्वास घ्यायचा आणि खाली आली की फुंकायचं, हा आमचा नियम. खाली येणारा प्रत्येक ठोका शिपायांच्या डाव्या पायावर पडला पाहिजे. ठोका चुकला तर अख्खी पलटण चुकते. लालासाहेबांचा ठोका कधी चुकला नाही. परेड संपल्यावर ते मला मऊ फडक्याने पुसत आणि डबीत ठेवत. किती सुखाचे दिवस होते ते.

पुढे लालासाहेब निवृत्त होऊन कडेगावला आले. गावात लग्नात वाजवणारा एक बँड होता. त्याला वळण लावायचं त्यांनी मनावर घेतलं. पण ट्रंपेटवाले आकाराम काही केल्या माझ्याकडे बघत नसत.

"मास्तर," एकदा ते म्हणाले, "आमी नवरदेवाकडं बघायचं का तुमच्या काडीकडं?"

"काडीकडं. नवरदेवाकडं बघायला नवरी हाय."

"पन मास्तर, म्होरं पोरं नाचत्यात. ती लय जोरात नाचाय लागली की आमचं बी आपोआप जोरात हुतंय."

"आकाराम, पोरास्नी तू नाचवायचंस. त्यांनी तुला न्हाई."

लालासाहेबांच्या गुडघ्यांनी साथ सोडली तसं ते शिकवणं थांबलं. मग माझे वाईट दिवस आले. लालासाहेबांच्या पत्नी, बनुबाई, मला परकरात नाडी ओवायला वापरू लागल्या. माझ्या रंगाचे टवके उडाले. बनुबाईंवर मी रागावले नाही. त्यांच्या घरात रिकामं कुणीच बसत नसे, मग मी तरी का बसावं?

मला पुन्हा हातात घेतलं ते त्यांच्या नातीने, दीपमालाने. ती तेव्हा शाळेत होती. लालासाहेबांनी तिला शिकवलं ते उसाच्या बांधावर. ते घराच्या ओट्यावर बसायचे आणि ती बांधावरून मला हलवत चालायची. "डावा! डावा!" असं ते तिथून ओरडायचे. डावा पाय टेकला की माझा ठोका पडायचा. ती चालत चालत पार विहिरीपर्यंत जायची आणि तशीच परत यायची. हळूहळू तो ठोका तिच्या हातातून पायात आणि पायातून अंगात उतरला.

मोठी झाल्यावर ती संगीत शिकायला मुंबईला आणि तिथून परदेशात गेली. मी तिच्या क्लॅरिनेटच्या पेटीत होते. मित्रांनो, वाद्यवृंदाचं संचालन हा एक व्यवसाय आहे आणि त्यात पुढे जायला फार धीर लागतो. डॉक्टर होणाऱ्याला जशी सगळ्या शरीराची ओळख लागते, तशी संचालकाला प्रत्येक वाद्याची लागते. कुणाला श्वास किती पुरतो, कुणाचा आवाज गर्दीत बुडतो, हे त्याला ठाऊक असावं लागतं. एवढं शिकूनही लगेच कुणी समोर उभं करत नाही. परत आल्यावर दीपमाला मुंबईच्या एका वाद्यवृंदात सहायक झाली. म्हणजे काय, तर मुख्य संचालक सराव घेत असताना तिने सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसायचं आणि "सर, इथे बासरी ऐकू येत नाही," असं सांगायचं. नाटकात पडद्यामागून गाणारे लोक असले, तर तिने टीव्हीच्या एका छोट्या पडद्यावर सरांचा हात बघत त्यांना काडी दाखवायची. ती प्रेक्षकांना कधीच दिसत नसे. मी तर मुळीच नाही.

ते सर म्हणजे धन्यकुमार. मूळचे सांगलीचे. त्यांनी एक मराठी ऑपेरा बसवला होता. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचाच एक लांबचा भाऊ. फरक इतकाच, की त्यात माणसं भांडणंसुद्धा गाऊनच करतात आणि रंगमंचासमोर खाली पुष्कळ वादक बसलेले असतात. गाणारे वर, वाजवणारे खाली. दोघांना बांधून ठेवायचं काम संचालकाचं.

त्या ऑपेरात कृष्णेकाठची एक आई असते. तिचा मुलगा फौजेत निघतो. दुसऱ्या अंकात ती घाटावर उभी राहून त्याला हाक मारते. ती हाक लांबच लांब आहे आणि ती संपली की सगळा वाद्यवृंद एकदम उसळतो.

सांगलीचा प्रयोग ठरला, तेव्हा सर दीपमालाला म्हणाले, "दुसरा अंक तू कर. नीट झाला, तर तुला मुख्य संचालक करा असं मी वाद्यवृंदाच्या मंडळाला सांगेन. नाही झाला, तर अजून थोडी वर्षं पडद्यामागे."

सांगलीतल्या सरावाला लालासाहेब आणि बनुबाई मुद्दाम आले होते. नातीचं काम त्यांना पहिल्यांदाच दिसणार होतं.

आईचं काम करणारी गायिका चंदना हाक मारू लागली. मी आपली ठोके देत होते. तिचा सूर अजून हवेत होता तोच मी खाली आले आणि वाद्यं उसळली. हाक मधेच तुटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चंदना गायची थांबली.

"दीपा, तू मला बसमध्ये ढकलल्यासारखं ढकलतेस," ती म्हणाली. "माझा मुलगा चाललाय गं. मला बघू तरी दे त्याला."

वादक हसले. दीपमालाचा चेहरा उतरला. सरांनी चष्मा काढून पुसला आणि ते शांतपणे म्हणाले, "उद्या सकाळी एकदा परत बघू. तेव्हाही हेच झालं, तर दुपारी दोन्ही अंक मीच करीन."

सगळे जेवायला गेले. दीपमाला खुर्चीत तशीच बसून राहिली. लालासाहेब काठी टेकत तिच्याजवळ आले.

"आबा, काय चुकतंय माझं? तुम्ही शिकवलं तसंच करते मी."

"व्हय, तसंच करतीस." ते तिच्या पायांकडे बघत होते. "तुझी टाच अजून बांधावरनं चालतीया, पोरी. मी हितनं बघत हुतो. डावा, उजवा, डावा, उजवा. येकदा बी थांबली न्हाई."

"मग थांबायचं कसं?"

"त्ये मला बी कुटं येतंय? आमची पलटण चालायची. चालत्या पलटणीत बँड थांबला तर लोक येकमेकांच्या पाठीवर चढतील. मी तुला चालायला शिकवलं. थांबायचं सराला इचार. त्यात लाज कसली?"

दीपमालाने खरंच विचारलं. सर म्हणाले, "काडी खाली ठेव. चंदनासमोर जाऊन बस आणि ती कधी श्वास घेते ते बघ. दुसरं काही करू नको."

दीपमाला रंगमंचावर चंदनासमोर मांडी घालून बसली आणि तिने मला मांडीवर ठेवलं. वाद्यं नव्हती, ठोके नव्हते. चंदना गायली. हाक संपताना तिचे खांदे किंचित खाली आले आणि मग पुढच्या श्वासासाठी वर उचलले गेले. दरवेळी ते वेगळ्या क्षणी उचलले जात. मोजून कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. बघूनच कळत होतं. त्या दोघी संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. आजवर सगळ्यांनी माझ्याकडे बघून श्वास घेतला होता. कुणाच्या श्वासाकडे मला बघावं लागेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

सकाळी उजळणी झाली. हाक तुटली नाही. सरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते म्हणाले, "दुपारी तूच."

रविवारची दुपार होती. नाट्यगृह भरलं होतं. शिराळ्याहून, उंब्रजहून आलेल्या बायका पुढच्या रांगांत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींची मुलं फौजेत आहेत. दुसरा अंक सुरू झाला. चंदना घाटावर आली. तिने हाक मारली.

दीपमालाने मला वर नेलं आणि तिथेच धरलं.

मित्रांनो, मी जन्मभर हलत आले होते. अशी हवेत स्थिर मी कधी राहिले नव्हते. खाली बसलेल्या व्हायोलिनवाल्यांचे गज तारांवर टेकलेले होते, बासरीवाल्याचे ओठ बासरीवर होते आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. दीपमालाचे डोळे चंदनावर. हाक दूर दूर जात राहिली. दीपमालाची एकही टाच हलली नाही. मग चंदनाचे खांदे किंचित वर उचलले गेले आणि मी खाली आले. सगळी वाद्यं अशी एका दमात उसळली, की त्या आईच्या पोटातलंच बाहेर आलं असं वाटलं.

पडदा पडल्यावर लालासाहेब विंगेत आले. "मदीच थांबलीस तवा मला वाटलं, झाला घोटाळा," ते म्हणाले. "मी हिला म्हनलं बी, पोरगी इसरली वाटतं."

"आन मी म्हनलं, गप बसा," बनुबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले. "तुमी फौजेत निघाला तवा तुमच्या आईनं अशीच हाक मारलीती. तुमी कुटं मागं बघितलंसा? तुमचं आपलं डावा-उजवा."

 लालासाहेबांनी बनुबाईंच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

तेवढ्यात सर आले. त्यांना कौतुक करता येत नाही. ते म्हणाले, "दीपमाला, पुढचा प्रयोग साताऱ्याला आहे. दोन्ही अंक तू कर. मी शेवटच्या रांगेत बसून बासरी ऐकू येते का बघतो."

आता मी दीपमालाबरोबर गावोगावी जाते. ती मला उन्हात ठेवत नाही, कारण उन्हात लाकूड वाकतं. मला कुणी पाठ खाजवायला मागितलं, तर ती देत नाही. दस्तगीरभाईंनी मला घडवलं, लालासाहेबांनी चालवलं, बनुबाईंनी घरात जागा दिली आणि दीपमालाने थांबवलं. या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

तुमच्याही घरात एखादं जुनं वाद्य असेल, कुणाची पेटी, कुणाची बासरी. त्यावरची धूळ पुसा आणि ते कुणाचं होतं ते मोठ्यांना विचारा. आणखी एक मागणं आहे. शाळेत प्रार्थना म्हणताना तुमच्यात कुणीतरी एक जण नेहमी मागे राहतो. त्याचा श्वास लहान असतो, किंवा शब्द लवकर आठवत नाहीत. त्याला हसू नका, त्याला ओढूही नका. पुढची ओळ सुरू करण्याआधी त्याच्याकडे एकदा बघा. त्याचा श्वास घेऊन होऊ द्या, आणि मग सगळे मिळून म्हणा.