डाव्या बटणातली पाचर

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मी बाइंडिंगच्या कारखान्यातले कागद कापायचे जुने यंत्र आहे आणि माझे पाते माणूस ओळखत नाही.

वितळलेल्या लोखंडातून माझे धड ओतले, घासून घासून पात्याला धार आणली. तेव्हापासून नव्या पुस्तकांच्या ओबडधोबड कडा कापणे हेच माझे काम. मी कापू लागलो की खिडक्यांच्या काचा थरथरत.

मला चालवणाऱ्याला सगळे 'किडा' म्हणत. पुस्तकी किडाच तो! जेवणाच्या सुट्टीत नुकतेच कापलेले पुस्तक घेऊन बसला की घास हातातच राहायचा. शिलाईच्या टेबलावरून त्याची ताई ओरडायची, "अरे, आधी गिळ ते!"

मग त्याच्या हातात फोन आला. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा. पुस्तक उघडले तरी चार ओळींत नजर उडू लागली. एकदा वैतागून त्याने पुस्तक भिंतीवर असे भिरकावले की शिवण उसवून पाने विखुरली.

"डोकंच लागत नाही गं."

"लागेल कसं? ते ठेवलंयस ना त्या फोनकडे गहाण!"

माझ्यावर दोन बटणे आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पाते खाली येते, म्हणजे हात पात्याखाली राहतच नाही. पण फोनसाठी एक हात मोकळा हवा, म्हणून किड्याने डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचे दाबून ठेवले. ताईने ती उपटून त्याच्या छातीवर फेकून मारली. "मरायचंय का तुला?"

दुसऱ्या दिवशी पाचर पुन्हा जागेवर होती.

फोन माझ्या अंगाला टेकवलेला. डाव्या हाताने गठ्ठा आत सरकवत, उजवा हात बटणावर ठेवून, तो पडद्याकडे पाहत होता. काहीतरी बघून हसला आणि हसता हसताच त्याने बटण दाबले. आधी गठ्ठा दाबून धरणाऱ्या पट्टीने हात चिरडला, मागोमाग पाते आले. मित्रांनो, हाडाचा आवाज कागदासारखा नसतो. तीन बोटे माझ्या कापायच्या पाटावर पडली. रक्त पानापानांत मुरले. फोनमधली माणसे हसतच होती.

ताईने शिलाईच्या दोऱ्याने त्याचे मनगट करकचून आवळले. मग फोन जमिनीवर आपटला आणि टाचेखाली ठेचला.

बोटे जोडता आली नाहीत. जखम भरल्यावर तो कारखान्यात आला, तेव्हा ताईने त्याच्यापुढे पुस्तक ठेवले. चार ओळींत नजर पुन्हा उडाली आणि त्याने थोटा हात माझ्या पाटावर आदळला. कळ मस्तकात गेली.

"नाही जमत मला!"

"पुन्हा पहिल्यापासून," ताई म्हणाली. "पान मी धरते."

चिडत, शिव्या हासडत त्याने एक पान पुरे केले. उलटू मात्र तिला दिले नाही. तळहाताच्या कडेने त्याने ते स्वतःच उलटले.

मित्रांनो, मी लोखंड. एकदा सुटलो की मला थांबता येत नाही, तुम्हाला येते. कुणी पुस्तक उघडून बसले असेल, तर त्याला हाक मारू नका. आणि बसलेले तुम्हीच असाल, तर हाक आली तरी, मग ती फोनची का असेना, लगेच उठू नका.