नातेवाइकांची खोली

सगळी गल्ली ज्यांना मास्तर म्हणायची त्या शिंप्याच्या हातात त्या दिवशी कातर धरवेना. सकाळपासून दारू घेतली नव्हती म्हणून हात थरथरत होते. घेतली असती तर थांबले असते, हीच तर गोम होती. दुपारी एका कोटाची बाही वाकडी कापली गेली. ते कापड टेबलाखाली सरकवून त्यांनी दुकान बंद केलं आणि घरी येऊन तोंड धुतलं.

निघताना बायको दारात उभी होती. तिचं रडून-भांडून कधीच संपलं होतं. "आज बैठकीला बसून आलात तर दार उघडीन. नाहीतर भावाला बोलावलंय, सकाळी मी आणि पोर त्याच्याबरोबर जाऊ."

"आणि जागा सापडली नाही तर?"

"गुत्ते बरोबर सापडतात तुम्हाला. दिवे गेलेले असले तरी."

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका मास्तरांनी याआधीही करून पाहिल्या होत्या. एकीत समोरच त्यांचं जुनं गिऱ्हाईक बसलेलं निघालं. दुसरीत सगळे इतकं छान बोलत होते, की यांची जीभ टाळ्याला चिकटली. आजचा पत्ता कुणीतरी फोनवर सांगितला होता: शाळेची इमारत, वरचा मजला, उजवीकडची खोली. तिथे मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन पाचसहा माणसं बसली होती, बहुतेक बायका. मास्तर मागच्या बाकावर टेकले.

"नवीन ना?" पुढच्या बाकावरच्या, नर्सच्या गणवेशातल्या बाईंनी विचारलं. "तुमच्या घरी कोण पितं?"

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ही पिणाऱ्यांची बैठक नव्हे, त्यांच्या घरच्यांची. उठावं तर सगळे बघत होते. "भाऊ," ते म्हणाले.

"मोठा की धाकटा?"

"माझ्याच वयाचा आहे."

शेजारच्या आजीबाई आपल्या गेलेल्या नवऱ्याबद्दल सांगू लागल्या. "देवाची शपथ घेऊन सोडायचा. इतक्यांदा, की देवच कंटाळला असेल." सगळे हसले. "जिन्यावर पहिलं पाऊल वाजलं, की मला कळायचं आज कितपत झालीय. मग मी मुलांना सांगायचे, डोळे मिटा, झोपेचं सोंग घ्या."

मास्तर घरी पोहोचायचे तेव्हा त्यांची मुलगीही रोज झोपलेली असायची. पोर गुणी आहे, वेळेवर झोपते, असं ते चारचौघांत कौतुकाने सांगत.

"भाऊ नाही," ते म्हणाले. "मीच."

आजीबाईंनी दोघांच्या मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग वाकून त्यांना हुंगलं. "आज घेतलेली नाही याने. हे नाक फसायचं नाही."

"पण दादा, ही खोली आमची आहे," नर्सबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर इथे कुणाचं तोंड उघडायचं नाही. तुमची बैठक आज दवाखान्यामागच्या हॉलमध्ये असते."

"मला एकट्याला तिथवर जाता येणार नाही. वाटेत..."

कोपऱ्यातले मफलरवाले काका उठले. "मी नेतो. माझा मुलगा तिथेच जातो. आज अचानक समोर उभा राहिलो की खूश होईल."

स्कूटरवर काका सारखे मागे मान वळवून बोलत होते. "महिना झाला, एकदाही चुकवलेली नाही पोराने. थकून येतो बिचारा, न जेवताच झोपतो."

हॉलच्या दाराशी एक माणूस खुर्च्या लावत होता. काकांनी मुलाचं विचारताच तो अवघडला. "तो पहिल्या दिवसानंतर आलाच नाही, काका. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

काकांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. मग मास्तरांचं मनगट धरलं. "तुम्हाला ठाऊक असेल. बैठकीला जातो सांगून निघालेला माणूस कुठे बसतो?"

मास्तरांना ठाऊक होतं. ते स्वतः बसले होते. "पेट्रोलपंपाच्या मागे. निळं दार आहे, पाटी नाही. आत डावीकडे बघा, रस्त्यावरून दिसू नये म्हणून तिथे बसतात." सांगता सांगता त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"सोबत चला ना. मी अशा ठिकाणी कधी पाऊल ठेवलेलं नाही. मला बघून तो पळेल."

ज्या माणसाने इथवर आणून सोडलं, त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? मास्तर एक पायरी उतरलेसुद्धा. पाय तिकडे वळताच सकाळपासून पहिल्यांदा अंगात हुशारी आली. तीच ओळखून ते जागच्या जागी थांबले.

"मी आलो तर तुम्हाला दोघांना उचलून आणावं लागेल, काका. आणि आणता एकालाही येणार नाही."

काकांनी मनगट सोडलं. रागावले नाहीत, स्कूटरकडे वळले.

मास्तर आत गेले. दाराजवळच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या सोडून ते भिंतीकडच्या खुर्चीत बसले, जिथून उठायचं तर चार माणसांना पाय आखडून घ्यायला सांगावं लागलं असतं. बाहेर काका स्कूटरला किक मारत होते आणि ती सुरू होत नव्हती. मास्तरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.