माळा कुणी उघडला?

दुबईतल्या आमच्या करामाच्या बिल्डिंगमध्ये माझा आवाज तिसऱ्या मजल्यावरून थेट खालच्या कॅफेटेरियापर्यंत पोचतो, असं अब्बा म्हणतात. पोचू दे! यंदा डिबेटमध्ये मी पहिली आलेय, अ‍ॅन्युअल डेचं अँकरिंगही मलाच मिळालंय. पहिलीत मात्र मॅडम हजेरीला "सबा!" म्हणायच्या आणि मी त्यांच्या समोर बसून गप्प. शेवटी त्यांनी अम्मीला बोलावून विचारलं, "बच्ची को सुनाई तो देता है ना?"

सगळं ऐकू येत होतं. पण त्या नावाला ओ द्यायची नाही, हे मला शिकवलं होतं.

त्याआधी आम्ही कुवेतला होतो. मी सहा वर्षांची. इराकचं सैन्य शहरात घुसलं आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मुनीराच्या वडिलांना घेऊन गेलं. ते कुवेतच्या फौजेत होते. परत आलेच नाहीत. मग सैनिक त्यांच्या घरच्यांना शोधायला लागले, तेव्हा मुनीराच्या आईनं तिला आमच्याकडे सोडलं आणि स्वतः दुसरीकडे लपली. मुनीरा माझ्याच वयाची होती.

पण खालच्या वॉचमननं सैनिकांना सांगून ठेवलं होतं, या घरात हिंदी, म्हणजे भारतातले, लोक आहेत, नवरा-बायको आणि एक मुलगी. अम्मीच्या पासपोर्टवरही एकच मुलगी. आणि ते शोधत होते मुनीराला, मला नव्हे. म्हणून अम्मीनं मुनीराच्या केसांना चपचपीत तेल लावलं, दोन वेण्या घातल्या, माझा फ्रॉक घातला आणि तिला सबा केलं.

आमची प्रॅक्टिस चालायची. अम्मी किचनमधून हाक मारायची, "सबा!" मुनीरानं "जी अम्मी" म्हणत पळत यायचं. मी हलायचंसुद्धा नाही. नाही हलले, तर चीजचा एक त्रिकोण मिळायचा. मी खूप त्रिकोण जिंकले.

सैनिक एका दुपारी आले. अब्बा खुब्झच्या, म्हणजे रोटीच्या, लाइनीत उभे होते. अम्मीनं मला बाथरूमवरच्या माळ्यावर चढवलं, तांदळाच्या गोणीमागे. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं, की माळ्याचं दार उघडलं, उजेड आला, त्यात एक चेहरा होता, मिशी नुकती फुटलेली. आणि खालून अम्मीचा आवाज, "मू बिन्ती." माझी मुलगी नाही.

पुढे मुनीराची मावशी तिला घेऊन गेली आणि आम्ही अम्मानमार्गे मुंबईला पोचलो, तिथून इथे. पण ते वाक्य माझ्याबरोबर आलं. स्कूल बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की ऐकू येतं. माइकवर "गुड ईव्हनिंग" म्हणायला तोंड उघडते, तर माझ्या आधी तेच कुणीतरी बोलून जातं. अम्मीला कितीदा विचारलं! तिचं उत्तर ठरलेलं, "माळा कुणी उघडलाच नाही. तुला झोप लागली होती. स्वप्न ते."

गेल्या महिन्यात शॉपिंग फेस्टिव्हलसाठी मुनीरा तिच्या आईबरोबर दुबईला आली. तिनं आमचा नंबर शोधून फोन केला, तेव्हाच मी ठरवलं. त्या दुपारी घरात तिसरी तीच होती. तिला विचारायचं. एकदाच, आणि खलास.

ड्रायव्हरनं तिला दारात सोडलं. उंच, काळा अबाया, परफ्यूमचा घमघमाट. अम्मीला मिठी मारून ती रडली, मग डोळे पुसून आमच्याकडे शिकलेल्या मोडक्या कोकणीत म्हणाली, "भूक लागली!" आम्ही तिघीही हसलो. इंग्लिशमध्ये गप्पा सुरू झाल्या, मी तिला माझं सर्टिफिकेट दाखवलं.

"तू? डिबेट?" ती म्हणाली. "तू तर मुकी होतीस!"

"तुझ्यामुळेच!"

तेवढ्यात अम्मी किचनमधून ओरडली, "सबा, प्लेटी घेऊन जा!"

"जी अम्मी!" मुनीरा म्हणाली. उठून उभीसुद्धा राहिली.

मी जागची हलले नव्हते.

ती हळूच खाली बसली. हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मला वाटलं, आत्ता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही.

"मुनीरा, त्या दिवशी माळा कुणी उघडला होता?"

तिनं किचनकडे पाहिलं. "तुझी आई काय म्हणते?"

"कुणी नाही."

"मग कुणी नाही."

"वल्लाह म्हण. अल्लाची शपथ घे."

ती वल्लाह म्हणाली नाही. अबायाची बाही बोटांना गुंडाळत राहिली.

"उघडला होता," शेवटी ती म्हणाली. "मी तिच्या मांडीवर होते. त्यानं विचारलं, ही कोण? ती म्हणाली, माझी मुलगी नाही. आईबाप टाकून पळाले, मी जेवू घालते. त्याला खरं वाटलं नसावं. तो म्हणाला, मग हिला नेतो."

"मग?"

"ती म्हणाली, ने."

हे मला आठवत नव्हतं.

"मग तो हसला. दार लावलं आणि गेला," मुनीरा म्हणाली. "सबा, आय अ‍ॅम सॉरी."

मी किचनमध्ये गेले. अम्मी सांदणं काढत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मागे न वळता म्हणाली, "कळलं ना? आता काय विचारायचंय?"

"ने म्हणालीस?"

"रडले असते तर त्याला कळलं असतं, तू माझी आहेस. मग मांडीवरची कोण?"

"आणि त्यानं खरंच नेलं असतं तर?"

तिनं गॅस बंद केला. वळली. "तू सांग. तू डिबेटवाली ना? काय म्हणायला हवं होतं मी?"

मी मनात वाक्यं जुळवली. दोघी माझ्याच म्हणाली असती तर... भाची आहे म्हणाली असती तर... पाया पडली असती तर... प्रत्येक वाक्य मी शेवटापर्यंत नेलं. कशात त्यांनी मुनीराला नेलं, कशात अम्मीलाही. शेवटी उरलं ते अम्मीचंच वाक्य. तेच बरोबर होतं. तरी ते बरोबर नसावं, असं मला फार वाटत होतं.

"पुन्हा तशी वेळ आली," अम्मी म्हणाली, "तर मी पुन्हा तेच म्हणेन. नाही आवडलं तर नको बोलूस माझ्याशी."

तिच्या हातातल्या चमच्यातलं नारळाचं दूध ओट्यावर सांडत होतं. मला पुढे होऊन तो हात धरायचा होता. मी दारातच उभी राहिले. अम्मीही तिथेच उभी राहिली. आमच्यामध्ये दोन पावलांची फरशी होती, आणि ती कुणी आधी ओलांडायची, ते दोघींनाही ठरवता येईना.