कूलरची परीक्षा

"ओढा," आई म्हणाली आणि कूलरची धुतलेली जाळी तिनं बाबांच्या नाकासमोर धरली.

बाबांनी डोळे मिटून श्वास ओढला. खोकले. मग मान डोलावली. "पास."

आई खूश. मी आठवडाभर बाहेर कामाला होतो, नुकतीच दारात बॅग टेकवलेली. आणि खरं सांगतो, मी दारातच नाक दाबलं. घरात काहीतरी कुजलं होतं.

मागं साथीचा मोठा ताप आला, त्यात आईचं नाक गेलं ते गेलंच, कसलाच वास येईना. दवाखान्याच्या फरशा पुसण्यात तिचा जन्म गेला. बुरशी दिसायच्या आधी तिला वासानं कळायची. आता घरी बाबांची नाजूक छाती, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, घरात बुरशी नको म्हणजे नको. मग बाबा झाले तिचं नाक. ती कूलरची टाकी उपसून कोरडी करायची, चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून फ्रीजच्या रबराच्या घड्या पुसायची, पोछा पिळून त्याची फडक्याची बाजू वर करून उन्हात टांगायची. आणि शेवटी बाबांकडे परीक्षा.

"आई, वास कसला येतोय?"

"काहीतरीच तुझं. आत्ताच पास झालंय."

मी वासामागं गेलो. बाबांच्या खुर्चीमागं, पडद्याआड बादली. तिच्यात जुना पोछा, ओलाच कोंबलेला, काळे ठिपके पडलेला.

"हा इथं कुणी ठेवला?"

बाबा छताकडे बघायला लागले. "तू गेलास त्याच दिवशी चहा सांडला. म्हटलं, हिची कंबर दुखतेय, आपणच पुसू. मग राहिला तिथंच."

आई पोछ्याकडे बघत राहिली. मग बाबांकडे. "अहो, पाठीमागं हे कुजतंय आणि तुम्हाला..."

"तुझं गेलं त्याच तापात माझंही गेलं."

"मग रोज पास कशाला म्हणायचात?"

"नापास म्हटलं असतं तर राहायला कुठं गेलो असतो?"

मला हसू फुटलं. आईला नाही.

"थट्टा पुरे. छाती तुमची आहे."

"अगं, तुझे हात बघायचो," बाबा हळूच म्हणाले. "एकेका घडीत बोट घालून परत परत तपासतेस. ते बघून पास म्हणायचो. घाण केली ती मीच."

आई कामाला लागली. पोछा टाकून दिला, बादली घासली, पडदा उतरवून धुतला, खुर्चीमागची भिंत पुसून काढली. मी म्हटलं, "यापुढं मी वास घेत जाईन."

"तू आज आहेस, उद्या कामाला जाशील."

पुढच्या काही दिवसांत बाबांचा खोकला हळूहळू कमी झाला. एका सकाळी आई जाळी न घेताच त्यांच्यासमोर आली. वाकली आणि त्यांच्या छातीला कान लावला.

"ओढा."

तिला नीट ऐकू यावं म्हणून मी नळ बंद केला. बाबांनी श्वास ओढला, सोडला. खोकले नाहीत.

"परत."

परत ओढला.

"पास," आई म्हणाली. कान मात्र तिनं काढला नाही.