रिकामं पोट

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये आचारीबुवांनी अर्धा जन्म लोकांना जेवू घातलं, आणि घरच्या कुत्रीने मात्र त्यांच्या हातचं खाणं सोडलं. यापेक्षा मोठी फजिती ती कोणती!

ठमी तशी बायकोची लाडकी. तिनेच ते पिल्लू रस्त्यावरून शालीत गुंडाळून आणलं होतं. आता कित्येक महिने झाले, खाल्लं की ओकायची. पुढे पुढे तर वाटीकडे पाठच फिरवायची. रक्त तपासून झालं, एक्स-रे, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट ठणठणीत आणि कुत्रीची नुसती हाडं उरलेली. "अहो, पण झालंय तरी काय हिला?" बायको रोज विचारायची. तिला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या भूल देऊन पोटात नळी घालून बघू. आज रात्रीपासून काही देऊ नका. पोट रिकामंच हवं."

"ऐकलंत ना?" बायकोने नवऱ्याला बजावलं. ती त्यांना पुरती ओळखून होती. कॅन्टीनच्या दारातून उपाशी माणूस परत गेला तर बुवांना घास गोड लागत नसे.

सकाळी बायको आंघोळीला गेली. तपासणीनंतर ठमीला लागेल म्हणून बुवांनी चिकन उकडायला ठेवलं होतं. तेवढ्यात पायाला ओलं नाक लागलं. ठमी स्वतःच्या पायांनी चालत आली होती. तिने बुवांची बोटं चाटली आणि पातेल्याकडे पाहिलं.

"आत्ता नाही गं, बाई," बुवा म्हणाले. "तपासणी होऊ दे, मग सगळं पातेलं देतो."

ठमी तिथेच बसून राहिली. शेपटी हलली, अगदी जराशी. बुवांना राहवेना. त्यांनी चिकनचं पाणी फुंकून गार केलं, थोडा मऊ भात कुस्करला आणि वाटी पुढे सरकवली. तिने वाटी लख्ख केली. बुवा श्वास रोखून उभे राहिले. ओकली नाही!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोट रिकामं आहे ना?"

"हो, अगदी," बायको म्हणाली.

"नाही," बुवा खाली बघत म्हणाले. "सकाळी मी भरवलं."

भरल्या पोटी भूल देणं जिवावर बेतलं असतं. तपासणी पुढच्या आठवड्यावर गेली. ठमीने पुन्हा कशालाच तोंड लावलं नाही, आणि तपासणीचा दिवस उजाडायच्या आतच ती गेली.

"काय झालं होतं, ते आता कधीच कळणार नाही," बायको एवढंच म्हणाली. त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं उरलं. बुवांना स्वतःच्या हातांचा राग यायचा. स्वयंपाक करायचे तो अळणी व्हायचा, आणि तीही तो मुकाट्याने खायची.

एका संध्याकाळी ती ठमीची वाटी घासून फडताळात ठेवत होती. पाठमोरीच म्हणाली, "त्या दिवशी... खरंच मागितलं होतं तिने?"

"बोटं चाटली माझी."

"आणि सगळं खाल्लं?"

"वाटी लख्ख केली."

"ओकली नाही?"

"नाही गं. माझ्या पायावर डोकं टेकून झोपली."

बायको वाटी हातात घेऊन खालीच बसली. किती तरी वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "परत सांगा. पहिल्यापासून."