नाव एकाच ठिकाणी

सुकन्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला, घसा खाकरला आणि घरातल्या सगळ्यांना सोफ्यावर ओळीने बसवलं. दहावीतल्या पोरीने बापाला "बाबा, पाय खाली घ्या, वायर आहे" असं बजावायचं आणि मानकोलीत गोदामं भाड्याने देणाऱ्या केसरीनाथने ते निमूट ऐकायचं, ही त्या घरातली नवीनच रीत होती. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही हिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. मग शाळेत हेमाली मॅडम आल्या, त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली हिच्या हातात दिली, आणि तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

टीव्हीवर तिच्या मोठ्या बहिणीच्या, करिष्माच्या लग्नाची वेबसाइट उघडली. हळदीच्या रंगाचं पान, मधोमध करिष्मा आणि तिचा होणारा नवरा भाविक यांचा फोटो, आणि कोपऱ्यात चार बटणं: घरची भाषा, मराठी, हिंदी, इंग्रजी.

"घरची म्हंजे?" केसरीनाथने विचारलं.

"आपण बोलतो ती. बघा आता."

बटण दाबताच पानावर आलं, 'आमचे करिष्माचा न भाविकचा लगीन हाय. सगल्यांनी यावा, जेवल्याबिगर जावाचा न्हाय.' आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसकाच लागला.

"आता हिंदीत दाव. नफीसभाईला धाडाचा हाय," केसरीनाथ म्हणाला. नफीसभाई म्हणजे नाक्यापलीकडच्या लूमच्या कारखान्याचे मालक, त्याचे जुने दोस्त.

हिंदी झालं, इंग्रजी झालं. पान तेच, फोटो तोच, शब्द मात्र पापणी लवायच्या आत बदललेले. बाप खूश झालेला बघून सुकन्याला चेव चढला. तिने उभ्या उभ्या भाषणच ठोकलं.

"बाबा, गंमत अशी की या पानात शब्दच नाहीत. पानावर नुसत्या खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीला नाव दिलंय, आमंत्रण, हळद, जेवण, पत्ता असं. शब्द ठेवलेत बाहेर, एक्सएमएलच्या फाईलींमध्ये. दर भाषेची फाईल निराळी, पण खुंट्यांची नावं सगळीकडे तीच. बटण दाबलं की पान त्या भाषेच्या फाईलकडे जातं, आणि ज्या खुंटीचं जे असेल ते आणून टांगतं."

"न पोरापोरीची नावा?"

"ती तर आणखी भारी. ती वेगळ्या फाईलीत, एकदाच लिहिलीत. चारही भाषांत जिथे नाव यायचं तिथे मी जागा रिकामी सोडलीय. पान नाव मागून घेतं आणि तिथे बसवतं. उद्या काही चुकलं तरी एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदललं. हेमाली मॅडम म्हणतात, नाव कधी पानात कोंबायचं नाही."

"मंग त्यात नवीन काय गो?" कोपऱ्यात पान चघळत बसलेली कमळा मावशी बोलली. ती गावची धवलारीण. लग्नाचे धवले तिच्या गळ्यातून निघाल्याशिवाय आसपासच्या मांडवांत हळद लागत नसे. "मी पन पयलेच विचारतंव, नवरदेवाचा नाव काय. एकदा कलला का सगले गान्यात बसतं." आणि तिने तिथेच सूर लावला,

'मांडवाचे दारी कोन गो उभा,
भाविक नवरा, चांदाची शोभा.'

"मावशी, म्हणजे तुझ्याकडे पण फाईल आहे," सुकन्या म्हणाली.

"हाय ना. टकल्यान हाय," मावशीने डोक्यावर टिचकी मारली, "न तिला चार्जिंग लागत न्हाय."

सगळं नियमात होतं. नियमाबाहेर फक्त एक ओळ होती, आणि ती करिष्माची.

'आमची भेट' अशा मथळ्याचा एक चौकोन होता. त्याखालचा मजकूर सुकन्याला चारही फाईलींत घालायचा होता, पण करिष्माने लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि सरळ पानातच टाइप केलं, 'भाविक गेटवर गारी फसवून उभा होता. मी म्हटला, डावीला मार.'

घडलंही तसंच होतं. करिष्मा बापाच्या गोदामाच्या ऑफिसात बसायची. भाविक खारबावचा, पलीकडच्या लॉजिस्टिक पार्कमध्ये सुपरवायझर. एकदा ड्रायव्हर जेवायला गेलेला बघून या शहाण्याने स्वतः कंटेनर मागे घ्यायला घेतला आणि केसरीनाथच्या गेटात आडवा अडकवून ठेवला. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी करिष्मा ओढणी कमरेला खोचून बाहेर आली आणि हातवारे करून तिने त्याला बाहेर काढलं.

"ताई, हे पानात नाही कोंबायचं. मॅडम मला फाडून खातील. फाईलीत टाक, मी चारही भाषांत करते."

"नको. इंग्रजीत ते म्हटला नव्हता मी." करिष्मा लाजून हसली. "हे असाच ऱ्हाऊ दे. कोनती पन भाषा दाबू दे, हे हालाचा न्हाय."

सुकन्याने कपाळाला हात लावला आणि ओळ तशीच ठेवली.

मग वाटेचं भांडण झालं.

गोदामामागून कंटेनर निघायची वाट अर्धी केसरीनाथच्या जमिनीतून जाते, अर्धी भाविकच्या काकांच्या. इतकी वर्षं दोघांच्या गाड्या गुण्यागोविंदाने ये-जा करायच्या. सोयरीक जुळल्यावर काकांना वाटलं, आता वाट आपल्या नावे झाली तर काय बिघडलं, घरातलीच गोष्ट. केसरीनाथ म्हणाला, पोरगी देतो, वाट देत नाही. काकांनी वाटेवर साखळी टाकली. साखळीपाशी शब्दाला शब्द लागला, चारचौघांसमोर कुणीतरी केसरीनाथची गचांडी धरली. संध्याकाळपर्यंत साखरपुड्याची साडी इकडून तिकडे आणि अंगठी तिकडून इकडे परत गेली.

करिष्मा रडली नाही. तिने भाविकला फोन लावला. बहिणींची खोली एकच, त्यामुळे सुकन्या पुस्तकात तोंड घालून बसली आणि सगळं ऐकत राहिली. ऐकण्यासारखं फारसं नव्हतंच. करिष्मा म्हणाली, "तू ये. बाबांशी बोल. मी हाय ना." मग बराच वेळ पलीकडचा आवाज. मग करिष्मा म्हणाली, "बरा." फोन तिने उशीखाली ठेवला, जसा काही तो झोपणार होता.

"काय म्हणाला?" सुकन्याने विचारलं.

"घरचे बोलतील तसा, म्हनाला."

त्यानंतर करिष्मा रोज ऑफिसला गेली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिथून गेट दिसतं. सुकन्या शाळा सुटली की मुद्दाम तिकडून यायची. गेटात कंटेनर यायचे, जायचे. कुणी अडकायचं नाही.

मांडववाला, हॉल, बँड, आचारी, सगळे ठरलेले होते. केसरीनाथ रस्त्याने खाली मान घालून चालायला लागला. माणूस वाईट नव्हता. पण चारचौघांत कॉलर धरली गेल्यावर त्याला आपला मांडव उभा राहिलेला बघायचाच होता, त्याच तारखेला, त्याच जागी. काल्हेरचं एक स्थळ पूर्वी येऊन गेलेलं होतं. पोराचं नाव कुमार. चांगला शिकलेला, शांत, निर्व्यसनी. तो येऊन चहा पिऊन गेला. करिष्माला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही बोलाल तसा." बापाला ते पुरेसं वाटलं. आईला वाटलं नाही, पण तिने चहाचे कप उचलले.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ सुकन्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सुकू, बाय, ते तुजे वेबसाइटवर तेवढा नाव बदल."

"बाबा, ते एवढं सोपं नसतं. चार भाषा आहेत. पंधरा दिवस जातील."

"तूच बोललीस ना, एका ठिकानी बदलला का सगलीकडे बदलतं? सगल्यांचे समोर बोललीस."

बोलली होती. टीव्हीसमोर उभी राहून, हात नाचवत बोलली होती. आयुष्यात पहिल्यांदा सगळं घर तिचं ऐकत होतं आणि नेमकं तेवढंच बापाच्या लक्षात राहिलं होतं.

ती उठली आणि थेट गच्चीवर गेली. करिष्मा वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

"ताई, तू फक्त नाही म्हण. मी फाईल उडवते. लॅपटॉप फोडते. बाबांना सांगते, व्हायरस आला."

"चादरीचा ते टोक धर."

सुकन्याने टोक धरलं. "अगं, नाही म्हण ना एकदा."

"कोनासाठी म्हनू?" करिष्माने घडी जुळवून चादर तिच्या हातात दिली. "ज्याचेसाठी म्हनाचा, तो गेटवर तरी येऊन उभा ऱ्हायला का? मी येवढे दिवस खिडकीन बसलेय, सुकू. तुना काय वाटला, हिशेब करतंव?"

कालपर्यंत जिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं असायची, त्या सुकन्याने हातातली चादर खाली ठेवली आणि दोरीवरची पुढची ओढली.

"बदल," करिष्मा म्हणाली. "चल, मी बसतंव बाजूला."

दोघी टेबलाशी बसल्या. सुकन्याने नावांची फाईल उघडली. किती छोटी फाईल. नवरी, करिष्मा. नवरा, भाविक. तिने ते एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं, फोटो बदलला आणि सेव्ह केलं. चहा गार व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो. मग एकेक बटण दाबून बघितलं. घरच्या भाषेत कुमार. मराठीत कुमार. हिंदीत, इंग्रजीत कुमार. हळदीला कुमार, जेवणाला कुमार. एक जागा चुकली नव्हती, एक खुंटी रिकामी नव्हती. याहून चांगलं काम तिने कधी केलं नव्हतं. निदान एखाद्या ठिकाणी तरी बिघडायला हवं होतं. भाविक नावाचा माणूस इतक्या सहज निघायला नको होता.

मग पान खाली सरकलं आणि 'आमची भेट' आलं.

'भाविक गेटवर गारी फसवून उभा होता. मी म्हटला, डावीला मार.'

करिष्माने स्क्रीनकडे बघितलं. हात पुढे करून तिने हिंदीचं बटण दाबलं, मग इंग्रजीचं. सगळं बदललं, ओळ हलली नाही. भाविक गेटवर तसाच उभा.

"कुमारचं नाव घालू?" सुकन्याने विचारलं आणि विचारल्याबरोबर स्वतःचीच लाज वाटली.

"त्यानी बिचाऱ्यानी कुठं गारी फसवली." करिष्मा हसली. ते हसू अर्ध्यातच मोडलं. "सरक. मी लिवला हाय, मीच काढतंव."

तिने ओळ एकदम खोडली नाही. शेवटाकडून एकेक अक्षर मागे घेत गेली, जशी त्या दिवशी गाडी मागे घ्यायला लावली होती. 'डावीला मार' गेलं. 'मी म्हटला' गेलं. 'गेट' गेलं. 'भाविक' एवढं उरलं तेव्हा तिचं बोट थांबलं, आणि मग ती रडली. आवाज न करता, खांदे हलवत, बोट त्या बटणावरून न काढता. सुकन्याने तिला मिठी मारली. दाबलं कुणाच्या बोटाने ते दोघींनाही कळलं नाही, पण डोळे पुसून बघितलं तेव्हा तिथे काही नव्हतं.

"वरचं 'आमची भेट' पण काढू?" सुकन्याने हळूच विचारलं.

करिष्मा उठून स्वयंपाकघरात गेली. सुकन्याने ते राहू दिलं.

हळदीच्या दिवशी मांडव माणसांनी फुलला. कमळा मावशी पाटाशेजारी बसली, पान गालात सरकवलं आणि विचारलं, "नवरदेवाचा नाव काय?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पिवळ्या अंगाने पाटावर बसलेली करिष्माच म्हणाली, "कुमार." मावशीने मान हलवली आणि सूर लावला. 'कुमार नवरा, चांदाची शोभा.' तीनच अक्षरं हीही. कुठेही अडखळली नाहीत.

सुकन्या तिथून उठून मांडवाच्या दाराशी आली. नफीसभाई फोन डोळ्यांपासून लांब धरून खुर्चीत बसले होते.

"आओ बेटी. क्या बढ़िया बनाया है, मैंने सूरत तक भेज दिया. बस ये एक जगह देखो." त्यांनी फोन पुढे केला. पानावर मथळा होता, 'हमारी मुलाक़ात', आणि त्याखाली पांढरी जागा. "इसके नीचे कुछ खुलता नहीं. सुबह से बार-बार खोल रहा हूँ. नेट स्लो है क्या?"

आत गाणं चालू होतं. सुकन्याने फोन हातात घेतला, बोटाने पान उगाच वर-खाली केलं.

"हां चाचा," ती म्हणाली. "इधर नेट बहुत स्लो है."