अध्यक्षांचा नर

क्लबात एक रीत होती. नवा सभासद अजगरांची पैदास सुरू करणार असला की त्याचा पहिला नर अध्यक्ष विमाझाल यांच्या घरातून यायचा. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मोडलेलंही कुणी पाहिलं नव्हतं. नर घेणाऱ्याला क्लबाचं अंडी उबवायचं कपाट वापरायला मिळे आणि सप्टेंबरच्या प्रदर्शनात विक्रीसाठी टेबल. न घेणाऱ्याला काय मिळे ते ठाऊक नव्हतं, कारण असा शहाणा अजून जन्मला नव्हता.

द्राहोमीराबाईंनी पस्तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कोटांच्या बाह्या शिवल्या. पन्नाशीनंतर हात थरथरू लागले, तेव्हा त्यांना मशीनवरून उठवून खोकी बांधायला बसवलं. ते त्यांना आजही बोचे. निवृत्त झाल्यावर शेजारणी खिडकीत जिरेनियम लावत बसल्या आणि यांनी ठरवलं, बॉल पायथनची पैदास करायची. घाबरला की डोकं आत घालून चेंडू होणारा तो आफ्रिकेतला गुटगुटीत अजगर. वर्षभर त्या क्लबात येऊन लोकांच्या सापांचे डबे धूत होत्या आणि डोळे उघडे ठेवून शिकत होत्या.

शनिवारच्या बैठकीत खसखस भरलेल्या गोड पावांची, कोलाचांची थाळी बाजूला सारून विमाझालांनी टेबलावर डबा ठेवला. "घ्या, बाई. तुमचं नशीब उजळलं."

आत सोनेरी अंगाचा नर होता, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा. या जातीला स्पायडरच म्हणतात. सगळे माना पुढे काढून पाहत राहिले. बाई रंगाकडे बघत नव्हत्या, डोक्याकडे बघत होत्या. डोकं डुलत होतं. त्यांनी नराला उचलून टेबलावर पाठीवर ठेवलं. धडधाकट साप क्षणात पालथा होतो. यानं मान पिळली, उलट्या बाजूला वळला, आणि पोट वर करून छताच्या दिव्याकडे बघत राहिला.

"हे काय?"

"जरा लकब असते यांची. रंगासोबत येते," विमाझाल म्हणाले. "खातो, पितो, पिल्लं देतो. अजून काय हवंय, पोल्का नाचून दाखवू दे?"

लोक हसले.

"पिल्लांतही येणार ही लकब?"

"निम्म्यांत. ज्यांत रंग, त्यांत लकब. आणि रंग नसेल तर कुत्रं विचारत नाही."

बाईंनी त्याला हातानं सरळ केलं. हात नेहमीसारखा थरथरत होता, आणि विमाझालांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "बघा, जोडी छान जमली. तुम्हीही डुलता, तोही डुलतो."

या वेळी कमी लोक हसले. अग्निशमन दलातून निवृत्त झालेला रोस्तिस्लाव आपल्या ग्लासात बघत राहिला.

"माझं थरथरणं आपसूक आलं, अध्यक्ष," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र थरथरत नव्हता. "रंग खुलावा म्हणून मला कुणी मुद्दाम असं बनवलं नाही. याला तुम्ही बनवलंत. वर मला सांगताय, अजून असेच बनवा. नको मला."

त्यांनी डबा परत सरकवला.

विमाझालांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "मग कपाट नाही, टेबलही नाही. आणि त्या हातांनी अंडी कशी उचलणार? अंडं फिरलं की आतलं पिल्लू मरतं, माहीत आहे ना?"

माहीत होतं, म्हणून तर ते वर्मी लागलं. कोटाचं बटण लावायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मदतीला कुणी पुढे झालं नाही ते बरंच, नाहीतर त्याचं काही खरं नव्हतं.

बसस्टॉपवर रोस्तिस्लाव मागून आला. "मी मुलीकडे राहायला चाललोय, बाई. दोन खोल्यांत माझी जनावरं मावणार नाहीत. मादी आहे, नऊ वर्षांची, दोन किलोची. बरोबर एक नर. दोन्ही साधे, तपकिरी. बघायचेत?"

बाईंनी त्याच्या घरी जाऊन बघितले, आणि असे बघितले की रोस्तिस्लावला घाम फुटला. तोंड उघडून पाहिलं, खवल्यांत गोचीड शोधली, नाकाशी कान नेऊन श्वास ऐकला, उंदीर समोर धरून गिळेपर्यंत उभ्या राहिल्या. शेवटी दोघांना पाठीवर ठेवलं. दोघंही पटकन पालथे झाले.

"अंडी घातली की मिठी मारून बसते ही," रोस्तिस्लाव म्हणाला. "सोडवायला दोन माणसं लागतात."

"सोडवता कशाला?"

"सगळेच सोडवतात. कपाटात ठेवायला."

"तिला उबवता येत नाही का?"

"येत असणार," तो म्हणाला. "आफ्रिकेत तिला कपाट कोण देतंय?"

दोघांना बाई घरी घेऊन आल्या आणि हिवाळ्यात जोडी जमली. एप्रिलमध्ये मादीनं सात अंडी घातली आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली. बाईंनी कोठीच्या खोलीत हीटर लावला, शेवाळ ओलं ठेवलं, थर्मामीटर टांगला आणि अंड्यांना बोटही लावलं नाही. खाटकाच्या दुकानापर्यंत बातमी पोचली, की म्हातारी अंडी कुजवणार आणि मादीही उपाशी मारणार. बाई डुकराचं मांस घेऊन, मान ताठ ठेवून घरी यायच्या आणि दाराआड उभ्या राहून घाबरायच्या. मादी दोन महिने काही खात नव्हती, तिच्या पाठीचा कणा दिसू लागला होता. आपल्या हट्टापायी हिचा जीव जाणार, असं त्यांना रोज वाटे. रोज त्या हात आवरून कोठीचं दार लावून घेत.

अठ्ठावन्नाव्या दिवशी एका अंड्याला चीर पडली आणि त्यातून नाक बाहेर आलं. सातातलं एक वाया गेलं, बाकी सहा निघाली. बाई कोठीत जमिनीवर बसून मनसोक्त रडल्या. मग उठून त्यांनी मादीसमोर उंदीर धरला, आणि तिनं तो हातातून हिसकावून घेतला.

सप्टेंबरच्या प्रदर्शनात त्यांना टेबल नव्हतं. त्या तिकीट काढून आत गेल्या आणि थेट विमाझालांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. तिथे एक बाई आपल्या मुलीसाठी सोनेरी पिल्लाचा डबा न्याहाळत होती. द्राहोमीराबाईंनी कोटाच्या आतून कापडी पिशवी काढली आणि पिल्लू तळहातावर घेतलं.

"रंग तर मातीचा," विमाझाल म्हणाले.

"मातीचाच."

त्यांनी पिल्लू तळहातावर उलटं ठेवलं. ते झटकन पालथं झालं. हात थरथरत होता, त्याखालची बाही थरथरत होती, आणि पिल्लू डोकं उचलून समोर बघत होतं. डोकं तसूभरही हललं नाही.

गिऱ्हाईक बाईनं ते पाहिलं. मग तिनं सोनेरी पिल्लाचा डबा विमाझालांपुढे सरकवला. "यालाही जरा पाठीवर ठेवून दाखवता?"

विमाझालांनी झाकणावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला.